तो चांगला की वाईट, हा तिचा प्रश्नच नसतो

गोव्यात म्हापशाच्या बसस्टँडबाहेर पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली रांगेने उभ्या असतात. संध्याकाळचे सात वाजलेत, गावाकडची बस नुकतीच सुटून गेलीय. कॉलेजातून परतणारी मुलगी रांगेपाशी येते. "बाय, खंय वचपाचें?" (कुठे जायचं?) पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवणारा, विचारतो, भाडं ठरतं आणि ती एका पूर्ण अनोळखी पुरुषाच्या मागे बसून निघते. बसण्याआधी पाठीवरची सॅक काढून दोघांच्या मध्ये ठेवते. एका हाताने मागचा दांडा धरते, दुसऱ्या हाताने आईला मेसेज टाकते: पायलटने येतेय, गाडीचा नंबर अमुक.

आता त्याच जागी, त्याच वेळी एक नवीकोरी गाडी थांबते. चाळिशीतला नीटनेटका गृहस्थ काच खाली करून म्हणतो, "मी त्याच बाजूला चाललोय, सोडतो ना." मुलगी "नको, येईल बस" म्हणते आणि दोन पावलं मागे सरकून शेजारच्या दुकानाच्या उजेडात उभी राहते. त्या माणसाला हे लागतं. घरी जाऊन तो बायकोला म्हणतो, "हल्ली कुणाचं भलं करायची सोय नाही. पायलटच्या मागे बसायला चालतं, मी काय तिला खाणार होतो?"

त्याचा प्रश्न वरवर रास्त आहे. पायलटही अनोळखीच आणि हाही अनोळखीच. मग एकावर विश्वास आणि दुसऱ्यावर संशय का?

पायलटचा स्टँड ठरलेला आहे. तो कुठून कुणाला घेऊन गेला, हे रांगेतल्या बाकीच्या पायलटांनी पाहिलेलं असतं. गाडीचा रंग, नंबर, परवाना सगळं उघड आहे. मोटारसायकलीला दारं नाहीत, काचा नाहीत. ओरडलं तर रस्त्यावर ऐकू जातं, गतिरोधकापाशी गाडी हळू झाली की उतरता येतं. गाडीतल्या गृहस्थाला तिथे कुणी ओळखत नाही. दार एकदा बंद झालं की रस्ता तो ठरवणार, वेग तो ठरवणार आणि दाराचं कुलूपही त्याच्याच बोटाखाली. कदाचित तो पायलटपेक्षा दसपट सज्जन असेल. पण मुलीने दोघांच्याही स्वभावाची परीक्षा घेतलेलीच नाही, घेण्याचं काही साधनच तिच्याकडे नाही. तिने मनात एवढंच विचारलं: हा माणूस वाईट निघालाच, तर माझ्या हातात काय उरतं? पायलटच्या बाबतीत बरंच काही उरतं, बंद गाडीत जवळजवळ काहीच नाही.

गृहस्थाने मात्र ऐकला तो वेगळाच प्रश्न: तू चांगला आहेस का? आणि त्याने उत्तरही त्याचंच दिलं. बाईच्या सावधपणावरून जेवढे वाद घरात, ऑफिसात, फोनवर होतात, त्यातले बहुतेक याच जागी अडकलेले असतात असं मला वाटतं. ती परिस्थितीबद्दल बोलते, तो चारित्र्याबद्दल ऐकतो.

दोन चुका, पण किंमत सारखी नाही

अनोळखी माणसाविषयी अंदाज बांधताना चूक दोन तऱ्हेने होऊ शकते. चांगल्या माणसाला धोकादायक समजलं, तर तो दुखावतो, त्याचा अपमान होतो. ही किंमत खरी आहे, ती मी नाकारत नाही. धोकादायक माणसाला चांगलं समजलं, तर जे होतं ते आयुष्यभर पुरतं, कधी कधी आयुष्यच उरत नाही. चुकांच्या किमती इतक्या विषम असतील तेव्हा शहाणा माणूस मुद्दाम स्वस्त चुकीकडे झुकतो. अमेरिकी संशोधक रँडॉल्फ नेसी यांनी या झुकण्याला धूर ओळखणाऱ्या यंत्राचं नाव दिलं आहे. हॉटेलातलं ते यंत्र फोडणीच्या धुरानेही कोकलतं आणि आपण वैतागतो, पण खऱ्या आगीला गप्प बसणारं यंत्र कुणालाच नको असतं. त्याने दहा वेळा उगाच ओरडणं हे त्याच्या नीट काम करण्यातच धरलेलं असतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. रस्त्यावरची मारामारी, चाकूहल्ला, खून यांत बळी पडणाऱ्यांत पुरुषच जास्त असतात, मग बायकांनाच एवढी भीती का? अनेक देशांच्या पाहण्यांमध्ये हे कोडं दिसलं आहे. अमेरिकेत मार्क वॉर यांनी १९८० च्या दशकात आणि केनेथ फेरारो यांनी १९९० च्या दशकात त्याचा माग काढला. फेरारोंचं म्हणणं साधारण असं: बाईच्या मनात प्रत्येक गुन्ह्यावर लैंगिक अत्याचाराची सावली पडलेली असते. पुरुषाची पर्स मारली तर पर्स गेली. निर्जन रस्त्यावर बाईची पर्स कुणी ओढली, तर तिच्या डोक्यात पहिला विचार पर्सचा नसतो. घरात चोर शिरला या वाक्यापुढे तिच्या मनात आणखी एक वाक्य उभं राहतं. म्हणून दोघांच्या भीतीची तुलना नुसते गुन्हे मोजून करता येत नाही.

या सावधपणाची किंमत ती रोज भरते. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रवासाचा अभ्यास केला, तेव्हा मुली सुरक्षित रस्त्यासाठी चांगलं कॉलेज सोडून कमी दर्जाचं कॉलेज पत्करतात असं दिसून आलं. मुलांच्या बाबतीत असा त्याग जवळजवळ नव्हता. आपल्याकडे सत्तरी-डिचोलीच्या आतल्या गावांत कॉलेजची निवड कशी होते, हे घराघरांत ऐकून पाहा. कुठला विषय आवडतो हे नंतर येतं. आधी शेवटची बस किती वाजता आणि थांब्यापासून घर किती आत, हे येतं. संध्याकाळचा क्लास, नाटकाची तालीम, लायब्ररीतला एक तास, सगळं त्या बसला बांधलेलं.

तीच बाई, जत्रेत

हिला भित्री म्हणावं, तर आपल्याच गावातली जत्रा आठवावी. देवळासमोर मांडव घातलेला आहे. पालखी फिरून झाली, रात्री अकरा-साडेअकराला नाटकाची घंटा होते. बायका चटया टाकून, मुलांना मांडीवर झोपवून बसलेल्या. तीन वाजता मधल्या वेळात पोरी उठून चणे-शेंगदाणे, खाजं आणायला फेरीतल्या दुकानांपर्यंत एकट्या जाऊन येतात. नाटक संपतं तेव्हा पहाटेचा गारवा असतो, आणि शेजारणींबरोबर बोलत बोलत माडांच्या अंधारातून त्या घरी जातात. पुरुष तिथेही शेकड्याने असतात, त्यातले बरेच प्यायलेलेही असतात.

हीच बाई रात्री आठ वाजता पणजीत पाटोला बसची वाट पाहताना खांबाला पाठ लावून उभी असते आणि शेजारी कोण येऊन उभं राहिलं याकडे तिचं लक्ष असतं. वेळ उलट अलीकडची, उजेड जास्त, पोलीस चौकीही जवळ. बदललं ते एवढंच की जत्रेत तिला हाक मारली तर ओळखणारी पन्नास माणसं आहेत, आणि तिच्याशी कुणी वेडंवाकडं वागला तर उद्या सकाळी तो कुणाचा कोण हे सगळ्या गावाला कळणार आहे. पाटोला यातलं काहीच नाही. तिचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच आहे. हाताशी काय आहे, ते बदलतं, आणि सावधपणा त्याच्यामागून बदलतो.

मोजक्यांचं कृत्य, सगळ्यांचा अनुभव

"मोजके पुरुष वाईट असतात" आणि "प्रत्येक बाईला याचा अनुभव आहे" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. समजा, एखाद्या मार्गाच्या बसने रोज १०० पुरुष जातात. त्यातले तिघेच गर्दीचा फायदा घेणारे आहेत आणि प्रत्येकजण आठवड्यातून एकदाच तसं करतो. वर्षाला १५६ प्रसंग झाले. त्या मार्गावर नेमाने जाणाऱ्या बायका ५० असल्या, तर सरासरीने प्रत्येकीच्या वाट्याला तीन येतात. ९७ पुरुष शपथेवर सांगू शकतात की आम्ही काही केलेलं नाही, आणि पन्नासही बायका सांगू शकतात की आमच्याशी झालं आहे. कुणीच खोटं बोलत नाही. बसमध्ये चढताना ते तिघे कोणते, हे मात्र कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

चांगल्या पुरुषाला हे पटत नाही, यामागे एक फार साधं कारण आहे, आणि ते सहसा लक्षातच येत नाही. त्याला ते दिसत नाही. माझ्या ओळखीतल्या एका घरात भाऊ बहिणीला म्हणाला, "एवढी वर्षं तुझ्याबरोबर फिरतोय, मला तर कधी कुणी तुझ्याकडे वाकड्या नजरेने बघताना दिसला नाही." ती म्हणाली, "दादा, तू बरोबर असलास की कोण कशाला काय करील?" बाप, भाऊ, नवरा, मित्र सोबत असताना जे जग पाहतात, ते त्यांच्या असण्यामुळेच वेगळं झालेलं असतं. ती एकटी असताना त्याच रस्त्यावर काय घडतं, हे कळायला त्यांच्यापाशी एकच मार्ग आहे: तिने सांगणं आणि त्यांनी मानणं. आणि सांगितलं की बाहेर जाणं बंद होईल, या धास्तीने अनेक मुली घरी काही सांगतच नाहीत. त्यामुळे घरातल्या पुरुषांच्या हिशेबात हे प्रसंग कधी जमाच होत नाहीत.

राग येतो कुठून

"सगळे पुरुष तसे नसतात." बाई काही सांगू लागली की हे वाक्य पहिलं येतं. बोलणारा बहुधा खरोखरच तसा नसतो, म्हणून त्याला दुष्ट ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. मानसशास्त्रात यावर बरंच काम झालं आहे. आपण बरी, सरळ माणसं आहोत ही समजूत प्रत्येकाला जपायची असते. तिला धक्का लागला की समोरचा काय सांगतोय हे ऐकण्याआधी माणूस ती समजूत सावरायला धावतो. क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच आहे. दुसरं, आपण ज्या गटाचे, त्या गटावरचं बोट आपल्यावरच आल्यासारखं वाटतं. एखादी सारस्वतांबद्दल, भंडाऱ्यांबद्दल, शिक्षकांबद्दल किंवा सरकारी नोकरांबद्दल सरसकट काही बोलली, तर आपणही असेच उसळतो. आणि तिसरं, कुणी आपल्या वागण्यावर बंधन घालतंय असं वाटलं की नेमकं तेच करायची ऊर्मी येते. जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये ही प्रतिक्रिया उलगडून दाखवली. "रात्री बाईच्या मागून चालताना अंतर ठेवा" या साध्या सूचनेवर "रस्ता काय तिच्या बापाचा आहे?" असं उत्तर येतं ते इथून.

राग समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम काय होतो तेही बघावं लागेल. बाई आपली गोष्ट सांगत असते, मध्येच पुरुषाच्या चांगुलपणाचा दाखला मागितला जातो आणि ती आपलं सांगणं सोडून त्याची समजूत काढू लागते, "तुझ्याबद्दल नाही रे म्हणत मी." विषय तिथेच संपतो. रस्त्यावर, अनोळखी माणसाच्या बाबतीत, हे आणखी बिघडतं. "नको" म्हटल्यावर जो पुरुष चिडतो, कारण विचारतो, "मी तसला नाही" हे पटवायला लागतो, तो तिला नवी माहिती पुरवत असतो: याला नकार सहन होत नाही. आधी ती नुसती सावध होती, आता घाबरण्याला कारण मिळालं.

शब्दांनी पटवणं का जमत नाही

"आमच्याही घरात आया-बहिणी आहेत" हे वाक्य मनापासून बोलणारे पुष्कळ असतात. अडचण अशी की तेच वाक्य फसवणाराही बोलतो, आणि त्याला ते फुकट पडतं. २००९ मध्ये शिरोड्याचा महानंद नाईक पकडला गेला तेव्हा अख्खा गोवा हादरला होता. तो रिक्षा चालवायचा. १९९४ पासूनच्या १६ स्त्रियांच्या खुनांचे आरोप त्याच्यावर ठेवले गेले. काही खटल्यांत जन्मठेप झाली, काहींत पुराव्याअभावी सुटका. तो गरीब घरच्या, लग्न न जमलेल्या मुलींशी गोड बोलायचा, लग्नाचं वचन द्यायचा आणि दागिने घालून यायला सांगायचा. त्याच्या बोलण्यात संशय घेण्यासारखं काही असतं, तर त्यातली एक तरी सावध झाली असती. २०२१ च्या जुलैमध्ये बाणावलीच्या किनाऱ्यावर दोन अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाला, तेव्हा आरोपींनी आपण पोलीस असल्याची बतावणी केली होती. ज्यावर विश्वास ठेवायला आपण मुलींना शिकवतो, नेमकं तेच तिथे वापरलं गेलं.

त्या घटनेनंतर विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी, १४ वर्षांच्या मुली रात्रभर किनाऱ्यावर राहतात तेव्हा पालकांनीही आत्मपरीक्षण करावं, अशा आशयाचं विधान केलं आणि त्यावर बरीच टीका झाली. मला त्यात एक जुनाच फास दिसतो. मुलगी सावध राहिली नाही तर "गेलीसच कशाला?", आणि राहिली तर "एवढा काय संशय?" दोन्ही वाक्यं बऱ्याचदा एकाच तोंडून येतात. दोन्हींपैकी काय करावं हे तिला कुणी सांगत नाही.

फुकट न पडणारी गोष्ट म्हणजे वागणं. पहिल्याच "नको"ला "बरं" म्हणून निघून जाणं वाईट हेतू असलेल्याला परवडत नाही, कारण त्याचा डावच तिथे संपतो. कायदासुद्धा याच खुणेवर उभा आहे. पाठलागाचा गुन्हा २०१३ मध्ये आधी भारतीय दंड संहितेत आला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. तिने अनिच्छा स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा मागे लागणं, संपर्क साधायचा प्रयत्न करणं, हा त्याचा गाभा. मनात हेतू काय होता याची वकिली तिथे फार उपयोगी पडत नाही. नकारानंतर काय केलं, ते पाहिलं जातं.

ओळखीच्यांचं काय, आणि परप्रांतीयांचं?

एक गोष्ट झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो: शेजारी, नातेवाईक, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. मग अनोळखी माणसाविषयीची सावधगिरी चुकीच्या जागी खर्च होते का? थोडी होते, हे मानायला हवं. मुलींना आपण फक्त अंधाराची आणि परक्याची भीती घातली, काका-मामांबद्दल बोलायची सोय ठेवली नाही, हा आपल्या घरांचा मोठा दोष आहे. पण गर्दीतले धक्के, पाठलाग, शेरेबाजी यांची नोंद पोलिसांत क्वचितच होते आणि ते करणारे बहुधा अनोळखीच असतात. शिवाय ओळखीच्या माणसाशी सावध वागायची मुभा बाईला मिळतच नाही. दिराला "तुम्ही आत येऊ नका" कसं म्हणणार? परक्याला निदान "नको" म्हणता येतं. जिथे म्हणता येतं, तिथे ती म्हणते.

दुसरी गोष्ट गोव्यात जास्त बोचते. बायकांच्या सुरक्षिततेचं नाव घेऊन "हे घाटी, हे बिहारी आले म्हणून" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. बांधकामावरचा मजूर, डिलिव्हरीचा मुलगा, भेळवाला, सगळे एका फटक्यात संशयित होतात, आणि आपल्या जातीचा, आपल्या वाड्यावरचा माणूस आपोआप निर्दोष. याला सावधपणा म्हणत नाहीत. सावधपणा जागा बघतो, वेळ बघतो, वाट मोकळी आहे का ते बघतो. चेहरा आणि भाषा बघून जो निवाडा होतो तो पूर्वग्रह आहे, आणि महानंद नाईक तर आपल्यातलाच होता. दिवसाढवळ्या भर बाजारात झारखंडच्या मुलाने पत्ता विचारल्यावर तोंड फिरवणाऱ्या बाईला मी तरी सावध म्हणणार नाही.

मग त्या गृहस्थाने काय करायचं होतं

मदत करूच नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. पावसाळ्यात थांब्यावर भिजत उभ्या असलेल्या मुलीला पाहून ज्याला वाईट वाटतं, तो माणूस हवाच आहे. त्याने एवढंच पाहावं की आपल्या मदतीमुळे तिच्या हातातलं काही कमी होत नाही ना. गाडीत बायको किंवा आई असेल, तर तिला बोलू द्यावं. बस बंद पडल्याचं कळलं असेल, तर ते नुसतं सांगून पुढे जावं. ती "नको" म्हणाली तर तेवढ्यावर थांबावं. रात्री एकाच गल्लीत तिच्या मागून चालायची वेळ आली तर पलीकडची बाजू धरावी, किंवा फोनवर घरी मोठ्याने बोलत पुढे निघून जावं. लिफ्टमध्ये ती एकटी असेल आणि घाई नसेल, तर पुढच्या फेरीने जावं. यात कुणाला आपण गुन्हेगार असल्याची कबुली द्यावी लागत नाही. १९-२० वर्षांच्या मुलांना हे घरी कुणी सांगत नाही, म्हणून पहिल्यांदा एखादी मुलगी त्यांना पाहून रस्ता बदलते तेव्हा ती मुलं मनातून फार दुखावतात. बापाने किंवा मोठ्या भावाने त्यांना आधीच बसवून सांगावं की ती तुला ओळखत नाही, तिने तुझ्याबद्दल काही ठरवलेलं नाही, तू फक्त तिला वाट दे.

आणि एकेकट्याच्या वागण्यापलीकडचाही एक भाग आहे. तिच्या हातात काय उरतं, हे थांब्यावरच्या दिव्यावर, रात्री नऊला सुटणाऱ्या बसवर, वेर्ण्याच्या कारखान्यातून पाळी सुटल्यावर कंपनीची गाडी घराच्या किती जवळ सोडते यावर ठरतं. ११२ नंबर लावल्यावर गाडी किती वेळात येते, यावरही. रविवारच्या ग्रामसभेत खड्डे, कचरा, बांधकाम परवाने यांवर तास तास बोलणं होतं, आणि बोलणारे बहुतेक पुरुषच असतात. ज्यांना "सगळे तसे नसतात" हे मनापासून वाटतं, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत उठून तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्यायला लावाव्यात: गावात येणारी शेवटची बस किती वाजता आहे, थांब्यापासून वाड्यापर्यंतचे किती दिवे बंद आहेत आणि ते कधी लागणार.